राजाचा आवाज आणि राजद्रोहाचे कलम : 'शिवाजीचे उद्गार' ते 'कीचकवध'

'राजद्रोह' हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की त्याच्या पोटातल्या 'राजा'कडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. बखरींच्या आणि जुन्या पत्रव्यवहाराच्या भाषेत ह्या गुन्ह्याच्या आसपास वावरणारे शब्द वेगळे आहेत : फितवा, फितूर, हरामखोरी, स्वामिद्रोह. ह्या सर्वांचा रोख कृतीकडे आहे. किल्ल्याचा दरवाजा आतून उघडून देणे, शत्रूला जाऊन मिळणे, खाल्ल्या अन्नाला न जागणे, असे काही प्रत्यक्ष घडल्याखेरीज हे शब्द वापरता येत नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जो राजद्रोह मराठी लेखकाच्या वाट्याला आला तो मात्र लिहिण्यातून घडणारा होता, आणि तोही वाचकाच्या मनात. लेखक लिहितो, वाचकाच्या मनात एक भावना उत्पन्न होते, आणि त्या भावनेबद्दल लेखकाला शिक्षा होते. अशा गुन्ह्याचा न्याय करू पाहणाऱ्या न्यायालयाला अपरिहार्यपणे समीक्षकाचे काम अंगावर घ्यावे लागते. रूपक कोठे संपते, निवेदकाचा आवाज आणि लेखकाचा आवाज एकच मानावा काय, व्यंग्यार्थ कोणाच्या पदरी बांधावा, हे प्रश्न मराठी साहित्यविचारात पुरते रुजण्याआधीच मुंबई उच्च न्यायालयात उपस्थित झाले होते. ह्या खटल्यांचा राजकीय इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. प्रस्तुत निबंधाचा विषय त्यातला एकच धागा आहे : राजाविषयी बोलण्याची, आणि राजाच्या तोंडून बोलण्याची, मराठी लेखनातली रीत आणि तिच्यावर कायद्याने घातलेली मर्यादा.

१

इंग्लंडच्या राजद्रोहविषयक कायद्याचे मूळ तिसऱ्या एडवर्डच्या काळातील १३५१ च्या अधिनियमात आहे. राजाच्या मृत्यूची योजना किंवा 'कल्पना' करणे हा त्यात पहिला आणि सर्वांत मोठा गुन्हा ठरवला आहे. हा अधिनियम त्या काळच्या दरबारी फ्रेंच भाषेत लिहिला गेला. तेथे 'कल्पना करणे' ह्या क्रियापदाचा अर्थ कट रचणे, मनात घाट घालणे असा होता. शतके उलटली, इंग्रजी भाषेत त्या शब्दाला कविकल्पनेचा अर्थ चिकटला, आणि कायद्यातला शब्द मात्र तसाच राहिला. ह्या दोन अर्थांमधल्या फटीत १७९४ चे लंडनमधील खटले उभे राहिले. पायताणे शिवणारा टॉमस हार्डी, भाषाशास्त्राचा अभ्यासक हॉर्न टुक आणि व्याख्याता जॉन थेलवॉल यांच्यावर राजाच्या मृत्यूची कल्पना केल्याचा आरोप ठेवण्यात आला. त्यांनी प्रत्यक्षात मागितली होती ती संसदेची सुधारणा. सुधारणेच्या चळवळीतून राजसत्तेला विरोध उद्भवेल, विरोधातून राजाच्या जिवाला धोका उत्पन्न होईल, म्हणून सुधारणा मागणे म्हणजे राजाचा मृत्यू कल्पिणे, अशी सरकारपक्षाची अनुमानसाखळी होती. बचावाचे वकील टॉमस अर्स्किन यांनी तिची एकेक कडी तोडली आणि ज्यूरीने तिघांनाही निर्दोष सोडले. आरोपींपैकी एक जण शब्दव्युत्पत्तीवर ग्रंथ लिहिणारा असावा, हा योगायोग भाषेच्या अभ्यासकांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

सरकारने ह्यावरून जो धडा घेतला तो कायदा रुंदावण्याचा. १७९५ च्या अधिनियमाने बोलण्या-लिहिण्यातून प्रकट होणारा हेतू राजद्रोहाच्या कक्षेत आणला. १८४८ च्या अधिनियमाने राणीला पदच्युत करण्याची कल्पना छापून प्रसिद्ध करणे ह्या गुन्ह्याची शिक्षा देहान्तावरून हद्दपारीवर आणली. शिक्षा सौम्य झाल्यामुळे ज्यूरी दोषी ठरवायला बिचकणार नाही, हा त्यातला हिशेब होता, आणि तो खरा ठरला. त्याच वर्षी 'युनायटेड आयरिशमन' ह्या पत्राचा संपादक जॉन मिचेल याला चौदा वर्षांची हद्दपारी झाली. हे कलम ब्रिटनच्या कायद्यात अद्याप आहे. 'गार्डियन' दैनिकाने डिसेंबर २००० मध्ये राजसत्ता विसर्जित करावी अशी मोहीम चालवली आणि ह्या कलमाचा अर्थ न्यायालयाकडून ठरवून मागितला. शांततेच्या मार्गाने प्रजासत्ताकाचा पुरस्कार करणाऱ्यावर आज कोणी खटला भरणार नाही, तेव्हा हा प्रश्न सोडवण्याची गरजच नाही, असे म्हणून २००३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने तो बाजूला ठेवला. ब्रिटनमध्ये नुसते छापील उरलेले हे कलम ज्या वसाहतीत वंशविस्तार करून गेले, तेथे त्याचा इतिहास निराळा झाला.

२

मेकॉलेच्या १८३७ च्या दंडसंहितेच्या मसुद्यात सरकारविषयी अप्रीती उत्पन्न करण्याचे कलम होते. १८६० च्या प्रत्यक्ष संहितेत ते आले नाही. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी १८७० च्या सत्ताविसाव्या अधिनियमाने ते १२४-अ म्हणून घातले. राणीचे हिंदुस्थानावरील सार्वभौमत्व हिरावण्याचा कट हा गुन्हा सांगणारे १२१-अ हे कलमही त्याच अधिनियमातले असून ते १८४८ च्या इंग्रजी अधिनियमाचे अपत्य आहे. ही दोन कलमे जुळी आहेत, पण त्यांचा कर्म-कारकसंबंध एक नाही. १२१-अ मध्ये राणी आहे. १८७० च्या १२४-अ मध्ये ती नाही. तेथे अप्रीती उत्पन्न करायची ती 'कायद्याने स्थापित झालेल्या सरकारा'विषयी. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

'अप्रीती' ह्या शब्दाकडे थोडे थांबून पाहायला हवे. मराठी कायदेभाषेत रूढ झालेला हा शब्द इंग्रजी मूळ शब्दाशी प्रामाणिक आहे, आणि म्हणूनच तो त्या कलमाचे विचित्रपण उघड करतो. प्रीती ही सक्तीने मागता येत नाही हे लौकिक व्यवहारात सर्वांस ठाऊक असते. येथे तिचा अभाव दंडनीय झाला आहे. १८९१ च्या 'बंगवासी' खटल्यात सरन्यायाधीश पेथरम यांनी प्रीतीच्या विरुद्ध असलेली भावना, म्हणजे नावड किंवा द्वेष, असा अर्थ केला होता. ज्यूरीचे एकमत झाले नाही, संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली आणि प्रकरण मिटले. त्यामुळे ह्या व्याख्येची खरी परीक्षा व्हायची राहिली, ती १८९७ मध्ये मुंबईत झाली.

३

तोवरच्या मराठी पत्रसृष्टीत सत्तेविषयी बोलण्याची एक रीत पक्की झाली होती. राजा निर्दोष, कारभारी दोषी, हे तिचे सूत्र. सूत्र केवळ मराठीचे नव्हे. सतराव्या शतकात इंग्लंडच्या संसदेनेही पहिल्या चार्ल्सविरुद्धचे भांडण दीर्घ काळ 'राजाच्या दुष्ट सल्लागारां'शी म्हणूनच चालवले. महाराष्ट्रात ह्या सूत्राचा पहिला मोठा प्रयोग एका खऱ्याखुऱ्या राजाच्या बाबतीत झाला. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होत आहे असे मानून 'केसरी' आणि 'मराठा' ह्या पत्रांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर टीका केली, आधारासाठी घेतलेली पत्रे बनावट निघाली, आणि १८८२ साली टिळक व आगरकर यांना अब्रुनुकसानीबद्दल कारावास घडला. आगरकरांच्या 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस' ह्या पुस्तकाचा उगम तेथला. ह्या प्रकरणात राजाच्या बाजूने बोलले गेले आणि शिक्षा कारभाऱ्याच्या अब्रूपायी झाली. राजद्रोहाचा प्रश्नच उद्भवला नाही. ब्रिटिश मुलखातही हेच सूत्र चालत असे. राणीचा १८५८ चा जाहीरनामा पुढे करायचा आणि नोकरशाहीने तो पाळला नाही म्हणून तक्रार करायची. अशा लेखनात राणी ही दूर बसलेली, न्यायी, पण कानावर काही न येणारी अशी असते. तिला दूषण द्यायचे नाही, एवढे पथ्य सांभाळले की बाकी पुष्कळ बोलता येते.

१५ जून १८९७ च्या 'केसरी'त प्रसिद्ध झालेली 'शिवाजीचे उद्गार' ही कविता ह्या सूत्राबाहेर पाऊल टाकते. ती कशी, हे समजण्यासाठी तिच्या विधानांपेक्षा तिच्या रचनेकडे पाहावे लागते. कवितेखाली भवानी तलवारीचा निर्देश करणारी सही आहे. शिवाजी महाराज जागे होतात, आपण उभारलेल्या राज्याची अवस्था पाहतात आणि विचारू लागतात. लक्ष्मी परदेशी गेली आहे, दुष्काळ आहे, गोवध चालला आहे, स्त्रियांची विटंबना होते आहे, न्यायासनासमोर गोरा आरोपी सुटतो आहे. शेवटी महाराज सध्याच्या राज्यकर्त्यांना निरोप पाठवतात. एके काळी तुम्ही हातात तराजू घेऊन वखारीत माल विकत होता, तेव्हा तुम्हाला हाकलणे मला शक्य होते, पण मी तुम्हाला अभय दिले, ह्याचे स्मरण ठेवा, असा त्याचा आशय.

तक्रारींची ही यादी नवीन नाही. दुष्काळ, न्यायातला पक्षपात, संपत्तीचा ओघ हे सारे त्या काळच्या कोणत्याही पत्राच्या अग्रलेखात सापडते. नवा आहे तो वक्ता. अर्जदार प्रजा येथे बोलत नाही. बोलतो तो राजा, आणि बोलतो तोही राजाच्या अधिकाराने. जो अभय देतो त्याच्यापुढे अभय घेणारा आपोआप खालच्या पायरीवर येतो. महाराणीचे नाव कवितेत नाही, तिच्याविषयी अनादराचा शब्द नाही. तरीही ज्या सिंहासनाकडे आजवर अर्ज जात होते त्याच्या जागी दुसरेच सिंहासन उभे राहते. ते वर्ष महाराणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचे होते, आणि त्याच जूनमध्ये पुण्यात शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचा उत्सव झाला होता. 'केसरी'च्या त्याच अंकात ह्या उत्सवाचा वृत्तान्त आहे. प्रा. भानू यांनी अफझलखानाच्या वधावर व्याख्यान दिले आणि टिळकांनी समारोपात श्रोत्यांना पीनल कोडाच्या कुंपणाबाहेर पडून गीतेच्या वातावरणात ह्या कृत्याचा विचार करण्यास सांगितले. पुढे त्याच पीनल कोडाने ह्या वाक्यांचा विचार केला, हे आता थोडे नाट्यपूर्ण वाटते. २२ जूनच्या रात्री हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून परतताना रँडवर गोळी झाडली गेली. २७ जुलैला टिळकांना अटक झाली.

४

सप्टेंबर १८९७ मध्ये न्यायमूर्ती आर्थर स्ट्रॅची यांच्यापुढे चाललेल्या खटल्यात हत्येशी लेखांचा संबंध जोडण्यात आला नव्हता. प्रश्न केवळ अर्थाचा होता. स्ट्रॅची यांनी ज्यूरीला केलेल्या निवेदनाची आठवण सामान्यतः एका वाक्यासाठी ठेवली जाते : अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. इंग्लंडमध्ये आणि येथे ह्या वाक्याची बरीच टिंगल झाली. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र त्याच निवेदनातला वाचकविषयक विचार अधिक महत्त्वाचा वाटायला हवा. लेखाचा परिणाम अजमावताना तो कोणापुढे आणि कोणत्या वेळी ठेवला गेला हे पाहिले पाहिजे, इंग्लंडमधल्या किंवा उच्चशिक्षितांच्या मंडळीत ज्या लेखाचा काहीच परिणाम होणार नाही तोच, उदाहरणार्थ गोवधावरचा, हिंदूंमध्ये प्रसिद्ध झाला तर कमालीचा क्षोभ उत्पन्न करील, असे त्यांचे प्रतिपादन होते.

संस्कृत काव्यशास्त्राने व्यंग्यार्थाचा अधिकारी म्हणून सहृदय कल्पिला. तो अभ्यासाने आणि वासनेने तयार झालेला असतो; ध्वनी त्यालाच ऐकू येतो, इतरांना नाही. स्ट्रॅची यांनी कल्पिलेला वाचकही ध्वनी ऐकतो, पण तो तयार नाही म्हणून ऐकतो. त्याच्या मनात अंतर नाही, इतिहासाला तो वर्तमान समजतो, कवितेला आज्ञा समजतो. एकाला व्यंजना कळते ती त्याच्या संस्कृतीमुळे, दुसऱ्याला ती झोंबते ती त्याच्या असंस्कृतपणामुळे, असा हा उलटा सहृदय आहे. त्यात आणखी एक पेच आहे. हा वाचक मराठी आहे, आणि त्याच्या वाचनाचा निर्णय करणारे न्यायपीठ व बहुसंख्य ज्यूरी सरकारी भाषांतरावर अवलंबून आहेत. सहा युरोपीय सदस्यांनी दोषी म्हटले, तीन हिंदी सदस्यांनी निर्दोष. ज्या समाजाच्या मनावर परिणाम होणार म्हणून शिक्षा व्हायची, त्या समाजाच्या अधिक जवळ असलेल्या तिघांना तो परिणाम दिसला नाही. अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. प्रिव्ही कौन्सिलपुढे अस्क्विथ यांनी अपिलाची परवानगी मागितली, ती नाकारण्यात आली. मॅक्स म्युलर प्रभृतींच्या विनंतीनंतर सप्टेंबर १८९८ मध्ये सुटका झाली.

ह्या दरम्यान कलमाचा मजकूर बदलला. १८९८ च्या दुरुस्तीने 'द्वेष' आणि 'तुच्छता' हे शब्द आले, आणि 'सरकारा'च्या आधी 'महाराणी' आली. ह्या दुसऱ्या भरतीकडे फारसे लक्ष दिले गेलेले नाही, पण मराठी लेखनाच्या दृष्टीने तीच निर्णायक आहे. राजा वेगळा आणि कारभारी वेगळे, ह्या भेदावर तीस-चाळीस वर्षे पत्रकारांनी आपले बोलणे चालवले होते. नव्या मजकुरात दोघे 'किंवा' ह्या एका अव्ययाने शेजारी बसवले गेले. ज्या कवितेत महाराणीचे नाव नव्हते तिच्यावरील खटल्यानंतर कलमात ते नाव लिहिले जावे, ह्यात कवितेचे मर्म कायदेकारांना कळले होते असे मानण्यास जागा आहे. निदान समकालीन मराठी टीकाकारांपेक्षा ते त्यांना अधिक कळले असावे.

५

पुढच्या दशकात हीच वाट अरुंद होत गेली. १९०८ मध्ये 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' ह्या लेखांवर टिळकांना सहा वर्षांची हद्दपारी झाली. १८९७ मध्ये ज्यांनी त्यांच्या जामिनासाठी युक्तिवाद केला ते दिनशा दावर आता न्यायासनावर होते. स्वतःचा बचाव करताना टिळकांनी भाषांतराच्या दोषांवर आणि मराठी शब्दांच्या अर्थच्छटांवर जे विवेचन केले, ते मराठी राजकीय गद्याच्या परिभाषेचा अभ्यास करणाऱ्याने मुळातून वाचावे. त्याच वर्षी 'काळ'कर्ते शिवराम महादेव परांजपे यांना शिक्षा झाली. त्यांची वक्रोक्ती हा स्वतंत्र निबंधाचा विषय आहे.

राजाच्या संदर्भात अधिक बोलके उदाहरण १९०९ चे आहे. 'लघु अभिनव भारत माला' ह्या पद्यपुस्तिकेबद्दल गणेश दामोदर सावरकर यांच्यावर नाशिक येथे जो खटला झाला त्यात १२४-अ बरोबर कलम १२१, म्हणजे राजाविरुद्ध युद्ध करण्यास चिथावणी, हाही आरोप होता. शिक्षा जन्मठेप काळ्या पाण्याची. प्रीतीच्या अभावापासून निघालेला प्रवास बारा वर्षांत खऱ्याखुऱ्या राजद्रोहापाशी, १३५१ च्या पंक्तीतल्या गुन्ह्यापाशी, येऊन ठेपला, आणि तो कवितेच्याच वाटेने. अपिलात निर्णय देणाऱ्यांमध्ये न्यायमूर्ती नारायण गणेश चंदावरकर होते. त्यांना मराठी येत होते. भाषांतराची मध्यस्थी त्यांना लागत नव्हती. देवांची आणि शिवाजीसारख्या वीरांची नावे ही केवळ निमित्ते असून सांगणे आहे ते तलवार उचलण्याचे, असे त्यांनी म्हटले. १८९७ च्या निवेदनाशी तुलना करता हा समीक्षाव्यवहार अधिक जाणता आहे. स्ट्रॅची वाचकाच्या भोळेपणावर बोट ठेवतात, चंदावरकर रचनेवर. मराठी न समजणारे परके न्यायासन म्हणून सगळा दोष भाषांतरावर टाकण्याची सवय आपल्याकडे आहे. हा निर्णय त्या सवयीला अडचणीत आणणारा आहे. मात्र त्यातील 'निमित्त' ह्या कल्पनेबद्दल शंका राहते. पुराणातली आणि इतिहासातली नावे काढून घेतली तर त्या पद्यांत काय उरते? नावे बाजूला काढता येतील असे मानणे म्हणजे रूपकाला पोशाख समजणे. शिवाजी महाराजांचे नाव त्या पद्यांत राजा म्हणून येते, आणि म्हणूनच दुसऱ्या राजाविरुद्धचे युद्ध तेथे बंड वाटत नाही. ते नाव वगळले तर उरलेला उपदेश कदाचित तितकाच दंडनीय असेल, पण तो तितका परिणामकारक खास नसेल.

६

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आले आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. नाटकात कोणाचे नाव नाही, तरी प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, युधिष्ठिर म्हणजे नेमस्त आणि भीम म्हणजे जहाल हे कळते, असे व्हॅलेंटाइन चिरोल यांनी आपल्या पुस्तकात लिहिले. हे समीकरण पुढे मराठी समीक्षेनेही जसेच्या तसे उचलले. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत ते आजही ह्याच क्रमाने सापडते. पण ह्या यादीत एक पात्र गळले आहे, ते म्हणजे राजा विराट.

विराटपर्वातला विराट दुष्ट नाही. तो मेहुण्याच्या बळावर राज्य करणारा, भर सभेत सैरंध्रीचा अपमान होत असता स्वस्थ बसणारा राजा आहे. 'राजा निर्दोष, कारभारी दोषी' हे जुने सूत्र त्याच्या रूपाने पुन्हा रंगमंचावर येते, पण आतून पालटलेले. कारभाऱ्याला आवरू न शकणारा राजा निर्दोष राहत नाही. त्याचे चांगुलपण हेच त्याच्याविरुद्धचे आरोपपत्र होते. महाभारतकथेने हे पात्र आयते पुरवले असल्यामुळे लेखकाला त्याविषयी एक अक्षरही वावगे लिहावे लागत नाही. १९०७ मध्ये कर्झन हिंदुस्थानात नव्हते; त्यांनी १९०५ सालीच पद सोडले होते. निवृत्त अधिकाऱ्याच्या प्रतिमेसाठी सरकारने पाच वर्षांनी एवढी काळजी करावी, ह्याचे स्पष्टीकरण कर्झनमध्ये शोधून पुरेसे मिळत नाही. कीचक जातो आणि विराट राहतो, ही गोष्ट बंदीचा विचार करताना हिशेबात धरायला हवी. चिरोल यांनी विराटाचा उलगडा केला नाही. राजनिष्ठ इंग्रज ग्रंथकाराला तो करणे अवघड गेले असते.

ह्याच चिरोल यांनी टिळकांना हिंदी असंतोषाचे जनक म्हटले. ते आरोप म्हणून म्हटले होते आणि त्याबद्दल टिळकांनी लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला, तो ते १९१९ साली हरले. मराठीत मात्र तो आरोप बिरुद होऊन बसला. अप्रीती आणि असंतोष हे एकमेकांना जवळचे शब्द; एक दंडसंहितेत राहिला, दुसरा शाळेच्या क्रमिक पुस्तकांत गेला.

१९५० साली कलमातून राजाचा उल्लेख गेला. अप्रीती राहिली. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केदारनाथ सिंह खटल्यात हिंसेला किंवा अव्यवस्थेला प्रवृत्त करणाऱ्या उक्तींपुरते कलमाचे क्षेत्र आखले, मे २०२२ मध्ये त्याचा वापर स्थगित केला, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू होऊन १२४-अ संपुष्टात आले. नव्या संहितेच्या कलम १५२ मध्ये 'राजद्रोह' हा शब्द नाही, 'अप्रीती'ही नाही. शब्दांनी, चिन्हांनी किंवा इलेक्ट्रॉनिक संदेशाने विभक्ततावादी कारवायांच्या 'भावनां'ना उत्तेजन देणे हा त्यातला एक गुन्हा आहे.